भिंतीकडे तोंड करून

विहीण : हळू, हळू. चपला दारात नका काढू, हातात घेऊन या. दारात दिसल्या तर ती खोलीबाहेर यायचीच नाही.

फोटोवाली : विहीणबाई, अहो मी लेकीच्या घरी आलेय, चोरी करायला नाही. पाच महिने झाले नातीला जन्मून. सकाळी तुमचा फोन आला, ‘या’ म्हणालात, तेव्हा मला वाटलं, सुटला एकदाचा तुमचा राग.

विहीण : माझा राग? माझा कुठला राग?

फोटोवाली : मग कुणाचा? मी फोन केला की छबूचं ठरलेलं. आई, आज नको, सासूबाईंना बरं नाही. आई, सासूबाई गावाला गेल्यात, त्या आल्या की ये. आई, सासूबाईंना घरात कुणी आलेलं चालत नाही सध्या. मी म्हटलं, बरोबर आहे. पहिला नातू गेला, त्यांनाही काळीज आहे. आणि राग काढायला मी आहेच.

विहीण : अगं बाई गं! मी आणि गावाला? शिवणयंत्रापासून मोरीपर्यंत, एवढंच माझं गाव. पाच महिन्यांत मी कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे पाय टाकलेला नाही. बसा. त्या खुर्चीवर नको, ती करकरते. इकडे पलंगावर बसा.

फोटोवाली : मग मला येऊ नको कोण म्हणत होतं?

विहीण : पाणी देऊ?

फोटोवाली : विहीणबाई, मला येऊ नको कोण म्हणत होतं?

विहीण : तुमची लेक. मला शपथ घातली होती, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. आज मोडली मी शपथ. लागायचं ते पाप मला लागू दे. मी म्हातारी झाले, किती लागणार?

फोटोवाली : छबू म्हणाली असं?

विहीण : माझ्या डोक्यावर खापर फोडलं ते एका परीनं बरंच केलं म्हणा. सासवा असतातच तशा, कुणालाही पटतं. पण तुम्ही मनात आणू नका हो. ती आता तुमची छबू राहिलेली नाही, आणि माझी सूनही. काय सांगू तुम्हाला? ती खोली बघाल तर घाबराल. खिडकीला जाड पडदा, पडद्यामागे काचेला वर्तमानपत्र चिकटवलेलं. पाळण्यावर निळे काचेचे मणी, एकेकावर पांढरा डोळा काढलेला. सतरा आहेत. पोरीच्या दोन्ही मनगटांत लाल दोरा, गळ्यात पोवळ्याचं इवलंसं शिंग, उशीखाली कात्री. माझी चांगली कापड कापायची कात्री! दारावर वाळलेला लसूण. घरातले आरसे काढून गच्चीवर नेऊन ठेवलेत, मी पाच महिने चाचपडत भांग पाडतेय. आणि रोज संध्याकाळी एक अंडं घ्यायचं, पोरीच्या अंगावरून फिरवायचं, वाटीत फोडायचं आणि त्या बलकाकडे अर्धा अर्धा तास टक लावून बसायचं.

फोटोवाली : अंगातलं झबलं उलटं असतं का?

विहीण : तुम्हाला कसं कळलं? उलटं असतं. शिवण बाहेर. अहो, मी जन्मभर शाळांचे गणवेश शिवले, कधी एक टाका बाहेर दिसू दिला नाही, आणि माझ्या नातीच्या अंगावर शिवण बाहेर! आणि नाव नाही पोरीला. ‘कचरा’ म्हणते. ए कचऱ्या, दूध पी. ए कचऱ्या, झोप आता.

फोटोवाली : हे सगळं माझ्या स्टुडिओतलं आहे.

विहीण : काय?

फोटोवाली : आमचं दुकान बंदराच्या वाटेवर होतं ना. एकतीस वर्षं मी तिथं लहान मुलांचे फोटो काढले. बोटींबरोबर कुठून कुठून माणसं यायची, पोरंबाळं घेऊन. एका खलाशाची बायको बाळाला दिव्याखाली आणायच्या आधी तीनदा थुंकल्यासारखं करायची आणि मलाही करायला लावायची. निळे मणी तिचेच. बोटीवरच्या एका स्वयंपाक्याची बायको, अंडं तिचं. एक उंच म्हातारा होता, नातवाला मांडीवर घेऊन म्हणायचा, बाई, आधी म्हणा, किती कुरूप पोर आहे. मी म्हणायची, आजोबा, नुसतं माकड आहे हो. तेव्हा कुठे तो फोटो काढू द्यायचा. कुणी कपडे उलटे घालून आणायचं, कुणी मुलीला मुलग्याचे कपडे घालायचं, कुणी नाव विचारलं की भलतंच सांगायचं. काहींची भाषा कळायची नाही, पण भीती सगळ्यांची एकच. मी कधी कुणाला हसले नाही. ज्याचं जे असेल ते पाळायचं आणि मग बटण दाबायचं. छबू शाळेतून आली की तिथंच बसायची. तिनं ते सगळं पाहिलं. मला वाटायचं, चार देशांची माणसं बघतेय, शहाणी होईल.

विहीण : आणि तिनं तो सगळा बाजार एका पाळण्यावर मांडलाय.

फोटोवाली : जावईबापू काय म्हणतात?

विहीण : तो काय म्हणणार? बोटीवर आहे, अजून तीन महिने यायचा नाही. फोनवर ओरडतो, ही फोन ठेवून देते. विहीणबाई, नजरेचं मलाही काही वाटत नाही असं नाही. पोर किरकिरलं की मीही चिमूटभर मीठ ओवाळून चुलीत टाकते. पण टाकलं की विसरते हो! माझी कामं पडलेली असतात. आणि मी तुम्हाला बोलावलंय ते त्या मण्यांसाठी नाही.

फोटोवाली : मग?

विहीण : पहिला गेला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, दुसरं मूल झालं तर तीन महिन्यांच्या आत त्याचं हृदय तपासून घ्या. त्याच्या हृदयाला छिद्र होतं, वेळेवर कळलं असतं तर बुजवता आलं असतं. तसंच हिचं असलं तर? दोनदा वेळ घेतली, दोनदा हिनं चुकवली. आज दुपारी तीनची आहे. आता दीड वाजून गेलाय. आज नाही नेलं तर पुढची दोन महिन्यांनी मिळेल. पोर दूध पिताना दमते हो. रडली की ओठांची कड निळसर होते. का त्या मेल्या मण्यांचीच झाक पडते, मला कळत नाही. या वयात माझ्या डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा?

फोटोवाली : छबू काय म्हणते?

विहीण : म्हणते, ते यंत्र आतलं बघतं. नुसतं बाहेरून बघितलं तर एक गेला, आत बघितल्यावर काय उरेल?

छबू : अहो आई, कुणाशी बोलताय?

विहीण : आली. आता तुम्हीच बोला.

छबू : अहो आई? कोण आलंय?

फोटोवाली : मी आलेय गं, छबू.

विहीण : झालं. दार लावलं. कडी घातली बघा. अगं, दार उघड, तुझी आई आहे, वाघ नाही!

छबू : आई, तू जा.

फोटोवाली : जाते. पाच मिनिटं बोलते आणि जाते. दार नको उघडूस. मी इथूनच बोलते.

छबू : दाराच्या समोर आहेस का तू?

फोटोवाली : बाजूला आहे.

छबू : फट आहे दाराला. फटीसमोर उभी राहू नकोस.

फोटोवाली : नाही राहत. ही बघ, खिडकीपाशी गेले. छबू, मी म्हणते ते ऐक. मी तिला बघायला नाही आले. म्हणजे, आले होते त्याच्यासाठीच, पण ते राहू दे आता. तीन वाजता तिला दवाखान्यात ने. मी येत नाही तुझ्याबरोबर. सासूबाईंना घेऊन जा.

छबू : तुला माझ्या पोरीची काळजी आहे.

फोटोवाली : नसणार का?

छबू : त्याचीही होती. त्याचा ठिपका पुसलास तू.

विहीण : छबू, तो विषय नको आता.

फोटोवाली : बोलू दे तिला. दोन वर्षांत यावर बोललेली नाही.

छबू : मी त्याच्या गालावर काजळाचा ठिपका लावून आणला होता. तू रुमालाचं टोक जिभेवर ओलं केलंस आणि पुसलास. मी म्हटलं, आई, राहू दे. तू म्हणालीस, फोटोत डाग दिसतो.

फोटोवाली : हो. म्हणाले.

छबू : त्या खलाशाच्या बायकोच्या बाळाचा मणी कधी काढलास?

फोटोवाली : नाही.

छबू : कुणाचा दोरा सोडलास? कुणाचं झबलं सुलटं केलंस?

फोटोवाली : नाही गं. एकाचंही नाही.

छबू : एकतीस वर्षांत एकाचंही नाही. फक्त माझ्याच बाळाचा ठिपका.

फोटोवाली : माझा होता म्हणून. परक्याच्या लेकराला हात लावताना माणूस दहादा विचार करतं. आपल्याच्या बाबतीत हात सैल सुटतो. माझ्या मनात आलं, आजीची कसली नजर लागते? आजीचं तर कामच बघत बसायचं.

छबू : आणि फोटो काढून झाल्यावर म्हणालीस, काय देखणं पोर आहे गं.

फोटोवाली : देखणाच होता तो...

छबू : पुन्हा म्हणू नकोस! घरात पोर आहे माझी!

विहीण : अगं, ती त्याच्याबद्दल बोलतेय.

छबू : फोटो काढल्यापासून अकराव्या दिवशी गेला तो. फोटो धुऊन आले नव्हते तोवर गेला.

फोटोवाली : छबू, त्याच्या हृदयाला जन्मतःच छिद्र होतं. मी त्याला पाहिलं त्याच्या आधीपासून. तुझ्या पोटात होता तेव्हापासून.

छबू : मला माहीत आहे. डॉक्टरांचा कागद माझ्याकडे आहे, रोज वाचते. वाचते तोवर पटतं. कागद घडी करून ठेवला की तू दिसतेस, एक डोळा मिटलेला, दुसरा त्या काचेला लावलेला. मी ठरवून आणत नाही ते. आपोआप दिसतं.

फोटोवाली : त्याला शेवटचं नेताना तू जे म्हणालीस, ते मी तेव्हाच विसरले, एवढंच सांगते. पोर गेल्यावर आईच्या तोंडून काहीही निघतं.

विहीण : तुम्ही विसरलात, जग नाही विसरलं! नाही, मला बोलू द्या, विहीणबाई. मी आज सगळंच बोलणार आहे. छबू, तुला वाटतं तुझ्या आईचा स्टुडिओ का बंद झाला?

छबू : मोबाइल आले म्हणून. सगळ्यांचेच बंद झाले.

फोटोवाली : हो, मोबाइलमुळेच. विहीणबाई, राहू द्या ना.

विहीण : मोबाइलमुळे म्हणे! तू दीडशे माणसांसमोर ओरडलीस, हिनं बघितलं माझ्या बाळाला, हिची नजर लागली. त्यात अर्धी माणसं तुझ्या माहेरच्याच गल्लीतली. महिन्याभरात पाववाल्याच्या जुळ्यांतल्या एकाला ताप आला. त्याचा फोटो आठवड्यापूर्वी तुझ्या आईनं काढलेला. झालं! बायका बाबागाडीवर कापड टाकून पलीकडच्या फुटपाथनं जायला लागल्या. कुणीतरी रात्रीतून तिच्या पाटीवरच्या बाळाच्या डोळ्यांना काळं फासलं. हे मला कुणी सांगितलं? माझ्याकडे गुंड्या लावून घ्यायला आलेल्या बाईनं. मी तुमची नातेवाईक हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून खुलून सांगत होती. म्हणे, ती एका डोळ्यानं बघते ना, म्हणून तिची जास्त लागते.

छबू : आई, खरं आहे हे?

फोटोवाली : एक डोळा मिटूनच बघतात गं फोटोवाले. एकतीस वर्षं मिटून मिटून तो बारीक झालाय, एवढंच.

छबू : ते नाही विचारत. माझ्यामुळे बंद झालं का?

फोटोवाली : शेवटचं गिऱ्हाईक एक म्हातारे गृहस्थ होते. कार्डासाठी फोटो हवा होता. म्हणाले, बाई, माझं काय वाकडं व्हायचंय आता, काढा. त्यांचा काढला आणि पाटी उतरवली. मला तसाही कंटाळा आला होता.

छबू : मला माहीत नव्हतं.

फोटोवाली : कशाला माहीत हवं होतं?

विहीण : दोन वाजत आले. छबू, दार उघड गं. आईकडे बघ तरी एकदा.

छबू : मी उघडते. तुम्ही दोघी मागे सरका. पोर आत पाळण्यात आहे, मी बाहेर आले की दार ओढून घेणार.

फोटोवाली : ये. अगं, किती वाळलीस तू!

छबू : आई, मी तुझं वाईट केलं. कळलं मला. पण मी खोटं बोलले होते, असं अजूनही मला म्हणता येत नाही. म्हणायला तोंड उघडते आणि आतून कुणीतरी म्हणतं, थांब, पोर अजून लहान आहे, मोठी होऊ दे, मग म्हण.

फोटोवाली : नको म्हणूस. मला नकोच आहे ते. मला फक्त तिची तपासणी हवीय.

छबू : नेते मी.

विहीण : नेतेस? मग चल ना बाई, कपडे बदल.

छबू : नेते. पण आईनं आधी कबूल करायचं.

फोटोवाली : काय कबूल करायचं?

छबू : तुला आठवत असेल, ती अंडंवाली म्हणायची. ज्याची लागली त्यानं स्वतःच्या तोंडानं, ज्याला लागली त्याच्या घरात उभं राहून, लागली म्हणून सांगितलं की उतरते. मग पुढच्याला लागत नाही. तू सांग. मग मी तिला नेते. यंत्राखाली ठेवते, टोचू देते, काय म्हणतील ते करू देते.

विहीण : काहीतरीच! आईच्या तोंडून असलं वदवून घेतेस? विहीणबाई, नका हो. एकदा तुम्ही म्हणालात की कायमचं चिकटलं. लोक बोलतात ते वेगळं आणि आपण बोललो ते वेगळं.

फोटोवाली : मी म्हटलं तर नेशील?

छबू : नेईन.

फोटोवाली : आजच? आत्ता?

छबू : आत्ता.

फोटोवाली : सासूबाईंच्या पायाला हात लावून सांग.

छबू : हा लावला.

फोटोवाली : कसं म्हणायचं असतं ते?

छबू : जसं घडलं तसं.

फोटोवाली : माझी नजर लागली. माझा नातू चार महिन्यांचा होता. मी त्याच्या गालावरचा ठिपका पुसला आणि त्याच्याकडे बघितलं. काम संपल्यावरही बघत राहिले. मन भरून बघितलं. त्याला माझी नजर लागली आणि तो गेला. झालं?

छबू : आणि हिच्याकडे बघणार नाहीस.

फोटोवाली : नाही बघणार.

छबू : कधीच.

फोटोवाली : कधीच म्हणजे... अगं, शाळेत जायला लागेल, मोठी होईल, तेव्हा लांबून...

छबू : कधीच, आई.

फोटोवाली : बरं.

विहीण : मला हे बघवत नाही. मी पोरीची पिशवी भरते.

छबू : आता तू तिथं कोपऱ्यात जा. भिंतीकडे तोंड कर. मी तिला घेऊन तुझ्यामागून जाते.

फोटोवाली : डोळेही मिटू?

छबू : मीट. दोन्ही.

फोटोवाली : मिटले. जा तुम्ही, उशीर होईल. विहीणबाई, जुने कागद घेतलेत ना? पहिल्याचेही घ्या, डॉक्टर मागतील.

विहीण : घेतले. टोपडं कुठंय गं? आण तिला इकडे, माझ्याकडे दे. छत्री घे, ऊन आहे.

छबू : मी घेते तिला. तुम्ही पुढे व्हा. दार उघडून धरा.

फोटोवाली : आई गं!

छबू : काय झालं?

फोटोवाली : केस. माझे केस धरले तिनं. मागून.

छबू : हलू नकोस. वळू नकोस, आई! मान वळवू नकोस!

फोटोवाली : नाही वळत. सोडव तू.

छबू : सोड गं. सोड, कचऱ्या, सोड. आई, डोळे मिटलेत ना तुझे?

फोटोवाली : मिटलेत. हळू सोडव, बोट मुडपेल तिचं. तोडले केस तरी चालतील. अगं, केवढी पकड आहे, बरीच ताकद...

छबू : बोलू नकोस! तोंडानं काही म्हणू नकोस तिच्याबद्दल!

फोटोवाली : नाही बोलत.

छबू : सुटलं. चला. अहो आई, चला लवकर.

विहीण : विहीणबाई, दार नुसतं ओढून घ्या जाताना. माठात पाणी आहे. मी करते फोन.

(त्याच दिवशी संध्याकाळी, फोनवर.)

फोटोवाली : बोला, विहीणबाई. काय म्हणाले?

विहीण : अहो, चांगलं आहे! सगळं चांगलं! हृदय ठणठणीत आहे पोरीचं. डॉक्टरांनी दोनदा बघितलं. छिद्र नाही, काही नाही. ओठांचं म्हणाले, रडून रडून होतं तसं पोरांचं. फक्त रक्त कमी आहे आणि हाडं जरा मऊ आहेत. रोज उन्हात न्या म्हणाले. तीस वर्षांच्या नोकरीत इतकं पांढरं पोर पाहिलं नाही, असं ती नर्स म्हणाली. ऐकताय ना? हॅलो?

फोटोवाली : ऐकतेय. जरा बसले.

विहीण : बसा, बसा.

फोटोवाली : छबू कुठंय?

विहीण : आंघोळीला गेलीय. म्हणून तर फोन केला.

फोटोवाली : काय म्हणाली ती?

विहीण : रडली आधी. मग हसली, किती दिवसांनी. मला वाटलं, आता म्हणेल, अहो आई, फोन लावा माझ्या आईला.

फोटोवाली : मग?

विहीण : राहू द्या ना. पोर बरी आहे, आज एवढंच घ्या.

फोटोवाली : सांगा हो. मी काही पडणार नाही, बसलेय.

विहीण : म्हणाली, बघितलंत? तिनं कबूल केलं आणि तासाभरात उतरली. घरी आल्या आल्या खिडकीवरचा कागद फाडला. मणी काढले, सगळेच्या सगळे. लसूण टाकला, कात्री मला परत दिली, झबलं सुलटं केलं. शेजारीण विचारायला आली तर तिला सांगितलं, आता कशाची भीती नाही, जिची होती तिनंच सांगितलं. मी म्हटलं, अगं, मुळात पोरीला काही नव्हतंच! तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मलाच काही कळत नाही.

फोटोवाली : शेजारणीला सांगितलं.

विहीण : मी म्हटलं होतं तुम्हाला, नका बोलू. पोरीला आजार निघाला असता तर तुमच्यामुळे, आणि नाही निघाला तरी तुमच्यामुळेच. तुम्हाला बाहेर पडायला वाट ठेवली नाही हो तिनं.

फोटोवाली : खिडकी उघडली ना पण?

विहीण : उघडली. केवढा उजेड आलाय खोलीत. इतकी धूळ होती, मला माहीतच नव्हतं.

फोटोवाली : मग झालं तर. विहीणबाई, एक सांगू? कुणाला बोलू नका. मी यातलं काही मानत नाही. इतकी माणसं पाहिली, सगळ्यांचं पाळलं, पण मानलं कधी नाही. दुपारी भिंतीकडे तोंड करून उभी होते. पोरीनं केस धरले. एक क्षण वळले असते तर दिसली असती. छबूचा शब्द पाळायचा म्हणून मी वळले नाही, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही. मला भीती वाटली. डोळे इतके घट्ट मिटले होते, की अजून दुखताहेत.

विहीण : असं मनात आणू नका हो. तो असाही जाणारच होता.

फोटोवाली : कागद मीही वाचलाय.

विहीण : ऐका. उद्यापासून रोज सकाळी मी तिला उन्हात घेऊन बसणार, गच्चीवर. छबू तेव्हा स्वयंपाकात असते. तुम्ही समोरच्या रस्त्यानं आलात, त्या वखारीपाशी उभ्या राहिलात, तर मी तिला कठड्याशी उचलून धरते. कुणाला कळणार नाही. मलाही कळलं नाही असं मी दाखवीन.

फोटोवाली : नको.

विहीण : अहो, लांबून. एवढीशी दिसेल.

फोटोवाली : नको, विहीणबाई. समजा मी आले, बघून गेले. आणि दुसऱ्या दिवशी तिला सर्दी झाली. साधी सर्दी, सगळ्या पोरांना होते तशी. छबूला काही कळणार नाही, तुम्ही काढा पाजाल, चार दिवसांत बरी होईल. पण त्या सर्दीचं मी काय करू? मला कोण सांगणार, की ती माझी नव्हती?

विहीण : बरं, नाही धरत तिला कठड्याशी.

फोटोवाली : नकाच धरू. तुम्ही चांगल्या आहात हो. दोन वर्षं मी तुमच्याबद्दल काय काय मनात आणलं!

विहीण : आणा हो. त्यानं काय होतंय? मोरीतलं पाणी थांबलं बघा. निघेल आता ती. ठेवू का?

फोटोवाली : एकच सांगा. हसते का ती?

विहीण : पोर ना? हसते की. खूप हसते.

फोटोवाली : कुणाकडे बघून?

विहीण : जो समोर येईल त्याच्याकडे.